कॅनडाहून आलेल्या चांदीच्या विटा आणि ताईंची तक्रार: दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही अभिप्राय लिहून आमच्या दुकानाला एक तारा दिलात. तुमचं म्हणणं असं की भावाने कॅनडाहून आणलेल्या दहा-दहा औंसाच्या दोन विटा, एक बंद पाकिटातली आणि एक सुटी, तुम्ही मोडायला आणल्या, तर "असा माल इथं चालत नाही" असं उत्तर मिळालं. मशीनवर 99.9 टंच (शुद्धता) आला, घरी विटेवर बर्फ ठेवला तो झरझर वितळला, कंपनीचं नाव लंडनच्या सराफा बाजाराने मान्य केलेल्या कारखान्यांच्या यादीत सापडलं, तरी आम्ही पाकीट फोडायला आणि वीट कापायला सांगितलं. वर चार गिऱ्हाइकांसमोर "आणली कुठून?" असं विचारलं. भावही शेकडा चारने कमी सांगितला.

आधी गिऱ्हाइकांसमोरच्या प्रश्नाबद्दल, कारण तिथे चूक आमची आहे. बाजाराचा दिवस होता, मी मागे भट्टीजवळ होतो आणि गादीवर बसलेल्या पोराने ते वाक्य तोंडावर फेकलं. मी बाहेर आलो तेव्हा त्याला थांबवून तुम्हाला बसायला सांगायला हवं होतं. ते न करता मी थेट छिन्नीचीच गोष्ट काढली. भावाने कष्टाच्या पैशातून घेतलेली वस्तू, तिच्यावर पाहताक्षणी छिन्नी चालवायची भाषा ऐकून कोणालाही वाईट वाटेल. मी तुमची माफी मागतो. इथेच मागतो, कारण अपमान चार लोकांदेखत झाला.

माल कुठून आला हे मात्र मी पुढेही विचारणार. माझ्या सख्ख्या मावशीलाही विचारतो. चोरीचा माल घेतल्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली येतो, आणि पोलीस जप्तीला आले की वितळवलेल्या चांदीचाही हिशेब सराफालाच द्यावा लागतो. परदेशातून आणलेल्या विटेची खरेदीची पावती आणि विमानतळावर शुल्क भरल्याचा कागद जोडला की माझं काम संपतं. यापुढे हा प्रश्न आत बसवून, पाणी देऊन विचारला जाईल.

आता विटांकडे येतो. सव्वीस वर्षं मी गादीवर आहे. माझ्याकडे येणारी चांदी म्हणजे तोरड्या, वाळे, करदोडे, जोडवी, म्हाताऱ्या बायांचे गोठ. पेरणीच्या तोंडाला मोडायला येते आणि कापसाचे चुकारे झाले की पुन्हा घडवायला. त्यातला निम्मा माल कोणाच्या हातचा आहे हे मला टाका पाहून सांगता येतं. खामगाव आम्हाला जवळ. रजतनगरी म्हणून त्या गावाचं नाव आहे, आणि तिथून आणलेल्या विटेत काही निघालंच तर संध्याकाळच्या आत मी त्या पेढीवर उभा असतो. तुमच्या पाकिटातल्या विटेवर रॉयल कॅनेडियन मिंटचा शिक्का आहे. ओटावाची ही सरकारी टांकसाळ 1908 पासूनची, तिचा माल जगात मान्य आहे, याबद्दल मला शंका नाही. पण तो शिक्का खरोखर तिथेच मारला गेला का, हे शिक्का सांगू शकत नाही. छाप आणि पाकीट दोन्हींची नक्कल होते. नंबर छापलेला असला तरी एकच नंबर दहा विटांवर मारणारे आहेत.

हे मी ठेच खाऊन शिकलो. काही वर्षांपूर्वी एक ओळखीचा माणूस परदेशी शिक्क्याची अर्ध्या किलोची वीट घेऊन आला. वजन ग्रॅमपर्यंत बरोबर, मशीनवर टंच बरोबर, पाकीट देखणं. मी भाव दिला. मुशीत टाकली तर लाल रस उतरला. आत तांबं होतं, वर चांदीचा पत्रा. त्या माणसालाही कुणीतरी फसवलं होतं. रडकुंडीला आला होता, त्याच्याकडून मी काय वसूल करणार? त्या वर्षी घरातली एक सोयरीक आम्ही पुढे ढकलली. तेव्हापासून छिन्नी काढायचा माझा हात जरा लवकरच चालतो.

मशीन 99.9 दाखवतं ते वरच्या कातडीचं. आमचं टंच काढायचं यंत्र क्ष-किरण टाकून धातू वाचतं, आणि ते किरण मिलिमीटरच्या छोट्याशा अंशापलीकडचं काही सांगत नाहीत. दागिन्याला ते पुरतं. बोटभर जाडीच्या विटेला पुरत नाही. बर्फाचंही तसंच. चांदी उष्णता सगळ्या धातूंपेक्षा भराभर वाहून नेते हे खरं, म्हणून बर्फ वितळतो. पण तांबं तिच्या पाठोपाठच आहे, आणि तांब्यावरचा बर्फ आणि चांदीवरचा बर्फ यात डोळ्याला फरक कळत नाही. तुमच्या भाच्याने त्या बर्फाचा व्हिडिओ मनापासून काढला होता. त्यातून एवढंच ठरतं की वीट शिशाची किंवा पोलादाची नाही. लोहचुंबक चांदीला चिकटत नाही, तसा तांब्याला, पितळेला, शिशालाही चिकटत नाही.

खरी कसोटी पाण्यात आहे, आणि ती घरच्या स्वयंपाकघरातही करता येते. एक ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या डिजिटल काट्यावर पाण्याचं भांडं ठेवायचं आणि काटा शून्यावर आणायचा. मग वीट बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल अशी लोंबकळत धरायची; तळाला किंवा कडेला टेकू द्यायची नाही. काटा जो आकडा दाखवेल तितके घनसेंटिमीटर त्या विटेचं आकारमान. चांदीची घनता 10.49, म्हणून 311 ग्रॅमच्या विटेला काट्यावर साडेएकोणतीस ते तीसच्या दरम्यान आकडा यायला हवा. तेवढ्याच वजनाचं तांबं असेल तर जवळजवळ पस्तीस येईल. शिसं असेल तर साडेसत्तावीसच्या आसपास. म्हणूनच वजन बरोबर ठेवून तांबं भरणाऱ्याला वीट सहाव्या हिश्श्याने जाड करावी लागते, आणि कंपनीने जाहीर केलेली लांबी-रुंदी-जाडी कॅलिपरने मोजली तरी चोरी उघडी पडते. शिसं आणि तांबं बेतशीर मिसळून 10.49 गाठता येतं. तिथे पाणीही फसतं, पण असा गोळा वाजवला तर बद्द वाजतो, चांदीसारखा लांब घुमत नाही. कापलं की रंगातच कळतं.

आपली अडचण पाकिटाची झाली. बंद प्लॅस्टिकमधली वीट पाण्यात तोलता येत नाही, कॅलिपर लागत नाही, वाजवता येत नाही. तुम्ही म्हणालात, पाकीट फोडलं की किंमत जाते. बरोबर आहे, पण ते जिथे पाकिटाला किंमत आहे तिथे. परदेशात अशा विटा जमवणारे लोक धातूच्या वर चार पैसे देतात. माझ्याकडे आलेली वीट आठवड्याच्या आत मुशीत जाऊन कुणाच्या तरी तोरड्या होते. मी फक्त धातूचे पैसे देऊ शकतो. म्हणून मी "ही इथं मोडू नका" म्हणालो, आणि तुम्हाला ते हाकलल्यासारखं वाटलं. मला म्हणायचं होतं ते असं: भाऊ पुन्हा तिकडे जाणार असेल तर जिथून घेतली त्या दुकानदाराला दाखवू द्या, दोन पैसे जास्त येतील. नाहीच जाणार तर मी घ्यायला तयार आहे.

दुसरी वीट सुटी होती, तिच्यावर एंगलहार्डचं नाव. ही जुनी अमेरिकन कंपनी 2006 मध्ये बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीने विकत घेतली. जमवणाऱ्यांत या नावाला मान आहे, म्हणून नक्कल करणाऱ्यांचंही त्याच्यावर लक्ष असतं. ती वीट खरी असेल तर तिच्यावर छिन्नी मारणं मलाही रुचणार नाही. ती तर सुटीच आहे, आधी पाण्यात तोलता आली असती. हे त्या दिवशी मला सुचायला हवं होतं.

लंडनच्या यादीबद्दल एक गोष्ट सांगून ठेवतो. त्या यादीत शुद्धीकरण कारखान्यांची नावं असतात, आणि ती असतात त्यांच्या मोठ्या विटांसाठी: 750 ते 1100 औंसाची वीट, म्हणजे साधारण 23 ते 34 किलो, किमान 999 शुद्धतेची. यादीत नाव असणं म्हणजे कारखाना चांगला. तुमच्या हातातली दहा औंसाची वीट कोणी तिथे तपासलेली नसते.

औंसावरूनही गोंधळ होतो. मौल्यवान धातूंचा औंस 31.1 ग्रॅमचा, किराण्याचा औंस 28.35 ग्रॅमचा. आपल्याकडे आजीचा तोळा 11.66 ग्रॅमचा आणि आजचा बोलण्यातला तोळा 10 ग्रॅमचा, तसंच. "10 औंस" असं छापलेली वीट काट्यावर 283 भरली तर ती तिथेच बाजूला ठेवावी. तुमच्या दोन्ही 311 च्या घरात भरल्या.

शेकडा चारची घट मी न तपासलेल्या विटेची सांगितली होती, कारण तो धोका माझ्या अंगावर राहतो. वीट पाण्याला उतरली आणि तुमच्यासमोर पाडलेल्या बारीक छिद्राचा चुरा अकोल्याच्या प्रयोगशाळेतून चोख आला, तर घट शेकडा दीड. चुरा नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवून चांदी मोजतात, दोन दिवस लागतात. फी माझी, चुरा वजनात धरला जाईल, पैसे बँकेत जमा होतील. चांदी किलोला लाखाच्या पार गेल्यापासून दोन विटांचा प्रश्न म्हणजे घरातल्या मोठ्या रकमेचा प्रश्न आहे, हे मला कळतं. भाव प्रयोगशाळेचा निकाल येईल त्या दिवशीचा नको असेल तर तुम्ही वीट ठेवून जाल त्या दिवशीचा लिहून देतो.

मंगळवारचा बाजार सोडून कधीही या. एंगलहार्डची वीट आधी पाण्यात तोलू, तुमच्याच हाताने दोरा धरा. पाकिटातली तुम्ही सांगाल तेव्हाच उघडू. नाही म्हणालात तर तशीच घरी न्या. त्या दिवशी गादीवर असलेला पोरगाही तुमच्याशी बोलायला तिथे असेल.