दोनशे मैलांचा अँटेना आणि डेनालीएवढा टॉवर

गेल्या महिनाभरात एकच मजकूर मला चार वेगवेगळ्या व्हॉट्सॲप गटांवर आला. चौथ्यांदा तो आत्तेदिरांनी पाठवला आणि खाली लिहिलं, "वहिनी, तुमच्या ट्रेलरला उपयोगी पडेल." मजकूर थोडक्यात असा: 'कॅम्पिंगला निघालात? केबल नको, इंटरनेट नको. २०० मैल रेंजचा ४के डिजिटल अँटेना घ्या. पापडासारखा पातळ, खिडकीला आतून चिकटवला की झालं. सोबत पॉवरफुल ॲम्प्लिफायर, त्यामुळे जंगलातही शंभर चॅनल फुकट. चारी दिशांचा सिग्नल पकडतो, फिरवायची कटकट नाही. एकदा सेट केला की विसरा.'

यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे. बाकीच्या वाक्यांवर विश्वास ठेवून मी दोन वर्षांपूर्वी असाच एक पापड विकत घेतला होता. आमचा ट्रेलर सोळा फुटी, जुना, बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा. राहतो न्यू जर्सीत. दर पंधरा दिवसांनी शुक्रवारी संध्याकाळी सामान भरून निघायचं, हा नेम. टीव्ही हवाच असं नाही, पण पावसात अडकल्यावर हवामान आणि बातम्या कळाव्यात, आणि रविवारी नवऱ्याची मॅच चुकू नये, एवढी माफक अपेक्षा.

आता एकेक वाक्य घेते.

'२०० मैल रेंज.' टीव्हीच्या लहरी बहुतांशी नजरेसारख्या सरळ जातात आणि पृथ्वी गोल आहे. लहरी हवेत किंचित वाकतात, ते धरूनही हिशेब तोंडी करता येतो: टॉवरची उंची फुटांत घ्या, दुप्पट करा, वर्गमूळ काढा. येईल ते त्या टॉवरचं क्षितिज, मैलांत. न्यूयॉर्कचं वन वर्ल्ड ट्रेड सेंटर टोकापर्यंत १,७७६ फूट, म्हणजे जेमतेम ६० मैल. नॉर्थ डकोटातला केव्हीएलवाय या टीव्ही स्टेशनचा मनोरा देशातल्या सर्वांत उंच मनोऱ्यांपैकी, सुमारे २,००० फूट, म्हणजे ६३ मैल. लॉस एंजेलिसवाले नशीबवान. त्यांचे टॉवर माउंट विल्सनवर, सुमारे ५,७०० फुटांवर, त्यामुळे तिथे शंभरी गाठता येते. आता हिशेब उलटा करा. २०० मैल हवे असतील तर टॉवर २०,००० फुटांवर पाहिजे. अलास्कातलं डेनाली शिखर २०,३१० फूट आहे. तेव्हा डेनालीच्या डोक्यावर टॉवर उभारायचा, समोर दोनशे मैल सपाट मैदान ठेवायचं, आणि मग ट्रेलरच्या खिडकीत पापड चिकटवायचा.

आपल्या बाजूची उंचीही यात मिळवायची असते, पण ती किती? बारा फुटी काठीवर अँटेना चढवला तरी पाचेक मैलांची भर.

पुण्यात वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. दूरदर्शनचा मनोरा शहरात न बांधता सिंहगडावर नेला तो काही तिथल्या पिठलं-भाकरीसाठी नव्हे. माझ्या लहानपणी आमच्या पेठेतल्या सगळ्या गच्च्यांवरचे अँटेने नैर्ऋत्येकडे तोंड करून उभे असायचे. नवीन बिऱ्हाड आलं की शेजारच्या गच्चीवरचा बघून आपला लावायचा. कुणाच्या अँटेनाची रेंज किती, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारल्याचं आठवत नाही. गड दिसतो का, एवढंच विचारायचे.

कधी कधी दीडशे-दोनशे मैलांवरचं स्टेशन लागतंही. उन्हाळ्यातल्या शांत, दमट रात्री हवेत थंड-गरम थर बसतात आणि त्यांच्यामधून लहरी दूरवर वाहत जातात. सकाळी ऊन चढलं की ते स्टेशन गायब. त्या भरवशावर अँटेना घेणं म्हणजे लॉटरीचं तिकीट पगारात धरणं. अँटेनाचं खरं माप मैलांत नसतंच. तो कोणत्या फ्रिक्वेन्सीवर किती गेन देतो, म्हणजे सिग्नल किती जोरात पकडतो, हे डेसिबलमध्ये लिहिलेलं असतं. ते खोक्यावर सापडलं नाही तर खोकं परत ठेवावं.

'४के' आणि 'डिजिटल' यांवर फार वेळ घालवत नाही. अमेरिकेतल्या मोठ्या स्टेशनांनी १२ जून २००९ रोजी ॲनालॉग प्रक्षेपण बंद केलं, पण लहरी त्याच राहिल्या. अँटेना म्हणजे ठरावीक लांबीचा धातू. त्या लहरीवर चित्र ॲनालॉग आहे की डिजिटल, हे त्याला कळत नाही आणि कळायची गरजही नाही. ते काम टीव्हीतल्या ट्यूनरचं. नवं नेक्स्टजेन (४के दाखवू शकणारं) प्रक्षेपण बघायचं असेल तर त्याचा ट्यूनर असलेला टीव्ही किंवा डबा लागतो, अँटेना तोच चालतो. कुणाच्या माळ्यावर नव्वदच्या दशकातला धड अवस्थेतला अँटेना पडला असेल तर तो आधी लावून बघा.

'पापडासारखा पातळ, खिडकीला आतून चिकटवा.' इथे माझं खरं नुकसान झालं, म्हणून जरा सविस्तर.

आम्ही ॲट्सिअनला गेलो होतो, न्यू जर्सीतल्याच व्हार्टन स्टेट फॉरेस्टच्या जंगलात. पाइन बॅरन्सचा सपाट प्रदेश, मध्ये डोंगर नाही. फिलाडेल्फियाच्या रॉक्सबरो भागातले टॉवर तिथून पस्तीसेक मैलांवर. म्हणजे सोपं गणित. पापड खिडकीला चिकटवला, चॅनल शोधायला लावले, आणि मिळाले शून्य. पत्र्याच्या ट्रेलरमध्ये अँटेना ठेवणं म्हणजे मोबाइल स्टीलच्या डब्यात घालून झाकण लावण्यासारखं आहे, हे माझ्या डोक्यात तेव्हा आलंच नाही. खिडकी तेवढी मोकळी, आणि आमची खिडकी होती टॉवरच्या विरुद्ध दिशेला. फायबरग्लासच्या ट्रेलरला हा त्रास कमी होतो, कारण त्यातून लहरी बऱ्यापैकी आत येतात.

मग पापड बाहेर नेला आणि कपडे वाळत घालायच्या दोरीला चिमट्याने लटकवला. लगेच ३ आणि १० नंबरचे चॅनल लागले. ६ काही केल्या लागेना. नवरा म्हणाला, "तीन येतो, दहा येतो, मग मधला सहा का नाही?" प्रश्न रास्त होता. उत्तर असं की पडद्यावर दिसणारा नंबर ही नुसती पाटी आहे. फिलाडेल्फियाचे ३ आणि १० प्रत्यक्षात यूएचएफवर आहेत, म्हणजे १४ ते ३६ या पट्ट्यात. ६ मात्र आजही खरोखरच सहाव्या चॅनलवर आहे, ८२ ते ८८ मेगाहर्ट्झ. यूएचएफची अर्धी तरंगलांबी फूटभर, ती पापडाच्या मापात बसते. सहाव्या चॅनलची अर्धी तरंगलांबी भरते पावणेसहा फूट. फूटभर पापडाने ती पकडायची म्हणजे चहाच्या गाळणीने विहीर उपसायची.

याच सहाव्या चॅनलची एक गंमत. ॲनालॉगच्या काळात त्याचा आवाज एफएमच्या अगदी खालच्या टोकाला, ८७.७ च्या आसपास, गाडीच्या रेडिओवर ऐकू यायचा. फिलाडेल्फियातले जुने लोक घरी परतताना गाडीत टीव्हीच्या बातम्या ऐकायचे. २००९ नंतर ते बंद झालं.

तर ६ साठी मी दुसऱ्या दिवशी गावातल्या जुन्या सामानाच्या दुकानातून सशाच्या कानांचा साधा अँटेना आणला. दोन्ही कान पूर्ण लांब ओढले आणि एका रेषेत आडवे केले. आडवेच, कारण इथलं प्रक्षेपण मुख्यतः आडव्या ध्रुवणाचं असतं, म्हणजे लहरी आडव्या डोलतात, आणि शोभेसाठी उभे ठेवलेले कान अर्धं काम वाया घालवतात. चॅनल लागला. संध्याकाळ झाली, आत एलईडीची पट्टी लावली आणि चित्राचे चौकोन चौकोन झाले. पट्टी बंद केली, चित्र परत. तीन वेळा करून पाहिलं. स्वस्त एलईडीचे आणि यूएसबी चार्जरचे सर्किट याच खालच्या पट्ट्यात कचरा फेकतात, आणि बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या ट्रेलरमध्ये सगळं हाताच्या अंतरावर असतं. त्या रात्री आम्ही बातम्या मेणबत्तीच्या उजेडात पाहिल्या.

'पॉवरफुल ॲम्प्लिफायर.' सगळ्यांत जास्त पैसे याच वाक्यावर उडतात. ॲम्प्लिफायर सिग्नल वाढवतो, तसाच त्यातला खरखराटही वाढवतो, वर स्वतःचा थोडा घालतो. डिजिटल टीव्हीला सिग्नल खरखराटापेक्षा साधारण १५ डेसिबलने वर लागतो. त्याच्या वर असलात तर स्वच्छ चित्र, खाली गेलात तर काळा पडदा. मुंग्या मुंग्या दिसणारं मधलं चित्र आता नसतं. अँटेनालाच तेवढा फरक मिळत नसेल तर नंतर कितीही वाढवून उपयोग नाही. ताकात पाणी घालून ते आटवलं तरी लोणी निघत नाही.

मग ॲम्प्लिफायर कशाला असतो? केबलमधली गळती भरून काढायला. आरजी-६ केबलमध्ये (टीव्हीची नेहमीची गोल केबल) यूएचएफवर दर शंभर फुटांना पाच-सहा डेसिबल जातात. घरात गच्चीपासून दिवाणखान्यापर्यंत लांब केबल, पुढे चार टीव्हींना फाटे, तिथे तो हवाच, आणि तोही अँटेनाजवळ लावलेला. ट्रेलरमध्ये केबल पंचवीस फूट आणि टीव्ही एक. गळती दीड डेसिबलच्या आसपास. एवढ्यासाठी बॅटरी खाणारं यंत्र?

उलट त्रासच होतो. एकदा जर्सी सिटीत नणंदेच्या दारात ट्रेलर उभा केला (तिथे जागा मिळाली हेच मोठं आश्चर्य). नदीपलीकडे समोरच वन वर्ल्ड ट्रेड. ॲम्प्लिफायर लावून चॅनल लागेनात, काढला तर धडाधड लागले. जवळच्या टॉवरचा सिग्नल आधीच दांडगा, तो आणखी वाढवला की ॲम्प्लिफायर आणि ट्यूनर दोघेही गुदमरतात. शिवाय बऱ्याच ॲम्प्लिफायरमध्ये एफएमची गाळणी असते. एफएम ८८ पासून सुरू होतं आणि सहावा चॅनल ८८ ला संपतो. कुंपण एक, त्यामुळे गाळणी सहाव्यालाही चावते.

एक अपवाद ध्यानात ठेवा. काही ट्रेलरच्या छतावर मूळचाच अँटेना असतो आणि त्याचा ॲम्प्लिफायर त्याच्या आतच असतो. त्याला वीज केबलमधूनच जाते, आणि त्याचं बटण आत भिंतीवर टीव्हीच्या सॉकेटशेजारी असतं, दाबलं की बारीकसा दिवा लागतो. हे बटण बंद असेल तर अँटेना जवळपास मेलेला. शेजारच्या साइटवरचे एक आजोबा तासभर छतावरचा अँटेना फिरवत होते, बटण बंद. कॅम्पग्राउंडची केबल जोडली असेल तेव्हा मात्र ते बंदच ठेवायचं.

'चारी दिशांचा सिग्नल.' हेच ते अर्धं खरं वाक्य. रोज नव्या गावी मुक्काम असेल, टॉवर जवळ असतील आणि वेगवेगळ्या दिशांना असतील, तर चौफेर अँटेना सोयीचा, कबूल. रात्री नऊला पोचल्यावर काठी उभारायचा कुणाला उत्साह असतो? पण सगळीकडे कान देणाऱ्याला लांबचं नीट ऐकू येत नाही, आणि डोंगर-इमारतींवरून आपटून आलेले प्रतिध्वनीही तो तितक्याच निष्ठेने ऐकतो. तीस मैलांच्या पुढे एका दिशेचाच बरा.

'एकदा सेट केला की विसरा' हे घराला लागू. ट्रेलर पन्नास मैल हलला की टीव्हीच्या यादीतले चॅनल निरुपयोगी. प्रत्येक मुक्कामी पुन्हा स्कॅन, आणि त्याआधी सेटिंगमध्ये 'केबल' नव्हे, 'एअर' किंवा 'अँटेना' निवडलंय ना, हे बघणं. मी घरून निघतानाच एफसीसीच्या (अमेरिकेचा दूरसंचार आयोग) डीटीव्ही रिसेप्शन मॅप्स या वेबपानावर मुक्कामाचा पत्ता घालते. स्टेशनच्या नावावर टिचकी मारली की खरा चॅनल आणि टॉवरची दिशा अंशांत दिसते. ती कागदावर उतरवून फ्रिजवर चिकटवते, कारण पोचल्यावर तिथे नेट नसतं.

सध्या आमच्याकडे आहे तो हातभर लांबीचा, एका दिशेचा, यूएचएफचा अँटेना, व्हीएचएफसाठी (२ ते १३ हे खालचे चॅनल) बाजूला बाहेर ओढायच्या दोन कांड्या, रंगकामवाल्यांची लांब-आखूड होणारी काठी, पंचवीस फूट आरजी-६. काठी ट्रेलरच्या हिचला (गाडीला जोडायच्या दांड्याला) पट्ट्याने बांधते, पत्र्यापासून चार फूट वर. ॲम्प्लिफायर नाही. पावसात पानं भिजली की यूएचएफ थोडा पडतो, तेव्हा काठी दोन पावलं सरकवून झाडांमधली फट शोधते. पापड घरी स्वयंपाकघरातल्या खिडकीत लावलाय. तिथून टॉवरची दिशा मोकळी आहे, छान चालतो.

हे सगळं आत्तेदिरांना लिहून पाठवलं. शेवटी विचारलं, "भावोजी, पण तुम्ही जाताय कुठे?" ते सॅन होजेला असतात. उत्तर आलं, "योसेमिटी व्हॅली, चार दिवस." दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटचे कडे, त्यात एकटा एल कॅपिटानच तळापासून ३,००० फूट.

मी लिहिलं, "पत्त्यांचे दोन कॅट न्या."