नेणाऱ्याची सही

परवा आमच्या शाळेच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला आणि पुढे दोन दिवस तिथे नुसती जुंपली होती. नाशिकच्या वेशीबाहेर एक खासगी मनोरुग्णालय कित्येक वर्षं बंद पडलंय. कॉलेजातली पाच मुलं रात्री कंपाउंडवरून उडी मारून आत शिरली, मोबाइलच्या उजेडात खोल्याखोल्यांतून फिरली, एकमेकांना 'वेडी आली, वेडी आली' म्हणून घाबरवत राहिली आणि सगळं चित्रण टाकून दिलं. ग्रुपचे लगेच दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, पोरांवर गुन्हा दाखल करा, भारतीय न्याय संहितेच्या (बीएनएस) 329 कलमात बसतं सगळं. दुसऱ्या तटाचं म्हणणं, परदेशात याला अर्बन एक्सप्लोरेशन म्हणतात, तिकडे फोटोंची प्रदर्शनं भरतात, आपल्याकडे मात्र पोरांनी काही नवीन केलं की दंडुका. मग नेहमीप्रमाणे माझं नाव निघालंच. "तू तिकडे आहेस ना, सांग की यांना."

सांगते. आणि रागावूनच सांगते, कारण दोन दिवसांत शे-दीडशे मेसेज झाले तरी त्या व्हिडिओत सातव्या मिनिटाला काय दिसतं, याबद्दल एकानेही चकार शब्द काढला नाही.

मी इंग्लंडात लीड्समध्ये एकोणीस वर्षं कम्युनिटी टीममध्ये, म्हणजे पेशंटच्या घरी जाऊन काम करणारी, मेंटल हेल्थ नर्स आहे. इथे मुलं बंद पडलेल्या असायलममध्ये, म्हणजे जुन्या मनोरुग्णालयांत जातात, हे खरं आहे. मी स्वतः गेलेय. 2006 च्या ईस्टरला होस्टेलवरचे आम्ही चौघं इल्कलीच्या गाडीने मेन्स्टनला उतरलो आणि कुंपणातल्या फटीतून हाय रॉयड्समध्ये घुसलो. 1888 साली वेस्ट रायडिंग या परगण्यातल्या गरीब वेड्यांसाठी उघडलेलं आणि 2003 मध्ये बंद झालेलं ते हॉस्पिटल. मधोमध घड्याळाचा मनोरा, स्वतःची बेकरी, स्वतःची शेती, कोळसा आणायला स्वतःचा रेल्वेफाटा, नाचायला बॉलरूम. मुख्य इमारतीत पायाखाली काळ्या डेझीच्या फुलांचं मोझॅक. त्यावर कबुतरांची विष्ठा आणि रंगाचे पापुद्रे पडले होते, आणि मी बुटाच्या टोकाने ते बाजूला करून फोटो काढत होते. एका वॉर्डाच्या दाराला आतून मूठच नव्हती. मी त्या दाराचाही फोटो काढला आणि पुढे वर्षभर लॅपटॉपच्या पडद्यावर ठेवला. सुंदर दिसायचा तो. आतून मूठ का नसते, हे नर्सिंग शिकणाऱ्या मुलीला कळत होतं. तरी ठेवला.

त्यामुळे त्या पाच मुलांना शहाणपण शिकवायचा मला तसा अधिकार नाही. पण 'तिकडे बघा' म्हणणाऱ्यांनी तिकडचं सगळं बघावं, एवढं मी म्हणणारच. तिकडच्या या इमारती काही भुताखेतांमुळे ओस पडलेल्या नाहीत. 1954 च्या सुमारास इंग्लंड आणि वेल्समध्ये मनोरुग्णालयांत जवळपास दीड लाख माणसं होती. त्याच काळात नवी औषधं आली, आणि 1961 मध्ये आरोग्यमंत्री इनॉक पॉवेल यांनी भाषणात सांगून टाकलं की पाण्याच्या टाक्या आणि धुरांड्यांची ही अवाढव्य हॉस्पिटलं बंद करायची आहेत. वंशावरून विष ओकणारा म्हणून पुढे बदनाम झालेला हाच तो माणूस, माझ्यासारख्या बाईला त्याने या देशात उभंही केलं नसतं. पण त्या भाषणानंतर वॉर्ड रिकामे होत गेले आणि माणसं घरी, हॉस्टेलांत, सरकारी फ्लॅटांत राहायला गेली. काही रस्त्यावरही आली, तेही खोटं नाही. माझी नोकरीच त्यातून निर्माण झालीय. दर मंगळवारी मी ज्या म्हाताऱ्या बाईंना इंजेक्शन द्यायला जाते, त्या त्याच हाय रॉयड्समध्ये अकरा वर्षं होत्या. आता त्यांच्या खिडकीत जिरॅनियम आहे आणि दाराची किल्ली त्यांच्या पर्समध्ये आहे.

आणि जुनी रजिस्टरं? ती वेकफील्डच्या अभिलेखागारात आहेत. पेशंटच्या नोंदी शंभर वर्षं झाल्याशिवाय बाहेरच्या कुणालाही बघायला मिळत नाहीत.

आता ते सातवं मिनिट. एका पोराला टेबलाच्या खणात एक लांबट रजिस्टर सापडतं. तो कॅमेऱ्यासमोर पानं उलटतो आणि मोठ्याने वाचतो. पूर्ण नाव, गाव, वय. मग 'तक्रार' या रकान्यात कुणाच्या तरी सुबक अक्षरात लिहिलेलं, "रात्री झोप नाही, एकटीच बोलते." बाकीचे हसतात. मी तिथे व्हिडिओ थांबवला. शेवटचे दोन रकाने स्पष्ट दिसतात. 'आणणाऱ्याची सही' आणि 'नेणाऱ्याची सही'. पहिल्यात सह्या आहेत, दोन ठिकाणी अंगठे आहेत, बहुतेकांपुढे कंसात 'भाऊ' किंवा 'पती'. दुसऱ्या रकान्यात त्या पानावर एकच सही. बाकी पान कोरं.

आपल्याकडे 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आहे. पेशंटच्या माहितीची गुप्तता हा त्यात पेशंटचा हक्क आहे, आणि त्याच्या संमतीवाचून त्याचा फोटो किंवा माहिती माध्यमांना देता येत नाही. ती जबाबदारी त्या मुलांच्या आधी हॉस्पिटल चालवणाऱ्यांची होती. कुलूप लावून निघून गेले आणि माणसांची नावं खणात ठेवून गेले. आमच्या ग्रुपवर दोन वकील आहेत, एक डॉक्टर आहे. सगळे भिंतीवरून उडी मारण्यावर भांडत बसले.

कुणीतरी मला उत्तर दिलं, "तिकडे राहून बोलणं सोपं आहे." हे मला दर वेळी ऐकावं लागतं, आणि दर वेळी लागतं. देशात मानसिक आजार असलेल्यांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक लोक उपचारांपर्यंत पोचत नाहीत, हे 2015-16 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणातलं आहे. महाराष्ट्रात वर्षानुवर्षं सरकारी मनोरुग्णालयं चारच होती, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. नाशिकच्या माणसाला दुसऱ्या जिल्ह्यात गेल्याशिवाय गत नव्हती. हे बोलायला मला तिकडे कशाला राहायला हवं? उलट इथे राहून एक विचित्रच गोष्ट माझ्या वाट्याला आलीय. इथल्या म्हाताऱ्या लोकांच्या तोंडी एक शब्द असतो, 'डूलाली'. कुणाचं डोकं फिरलं की 'हीज गॉन डूलाली'. पहिल्यांदा वॉर्डात ऐकला तेव्हा माझ्या हातातला ट्रे थबकला. हा शब्द आमच्या देवळालीचा आहे. 1861 साली तिथे गोऱ्या सैनिकांची छावणी वसली. मुदत संपलेले शिपाई मायदेशी जायच्या जहाजाची वाट बघत तिथे पडून राहायचे, जहाजं सुटायची ती फक्त हिवाळ्यात. उन्हाळा, पाऊस, रिकामपण, मलेरिया. त्यांच्या त्या तऱ्हेला नाव पडलं 'डूलाली टॅप', आणि टॅप म्हणजे आपला ताप. मी देवळाली कॅम्पपासून पाच किलोमीटरवर वाढले. टीममध्ये सांगितलं तेव्हा सगळ्यांना फार मौज वाटली. मला वाटली नाही. घरी परत नेणारं कुणी येईना म्हणून डोकं बिघडलेल्या माणसांचा शब्द होता तो.

कुसुमआत्याबद्दल मी इथे कधीच कुणाला सांगितलेलं नाही. बाबांची धाकटी बहीण. मी सात वर्षांची होते तोवर ती आमच्या घरात होती. माझ्या वेण्या घालायची आणि वेण्या घालताना कुणाशी तरी बोलत असायची. मला त्याची भीती वाटत नसे, कारण हात फार हलका होता. मग एके दिवशी ती नव्हती. तेव्हा 1912 चा वेड्यांसंबंधीचा कायदा चालू होता. दोन डॉक्टरांचे दाखले जोडून अर्ज करायचा, मॅजिस्ट्रेटचा हुकूम झाला की भरती. अर्ज बाबांनी केला. आम्हाला सांगितलं, आत्या ठाण्याला असते. शेजारी विचारलं की आई म्हणायची, "ठाण्याला नोकरी लागलीय." शाळेत कुणी वेडेपणा केला की पोरं ओरडायची, "ठाण्याला पाठवा रे याला," आणि मीही त्यांच्यात ओरडायचे. मोठी होईपर्यंत दोन ठाणी एकच आहेत, हे माझ्या लक्षात आलं नाही.

नऊ वर्षांनी, 1996 मध्ये तार आली. बाबा एकटे सकाळी पंचवटी एक्स्प्रेसने ठाण्याला गेले आणि रात्री परत आले. मोरीत जाऊन डोक्यावरून आंघोळ केली, जेवले नाहीत. दहावं, तेरावं काही झालेलं मला आठवत नाही. अख्ख्या देशातून लोक अस्थी घेऊन ज्या रामकुंडावर येतात, तिथून आमचं घर बसने अर्ध्या तासावर होतं.

स्वयंपाकघरात तिच्या नावाची एक स्टीलची वाटी होती, आजीने कोरून घेतलेली, 'कु. कुसुम, 1971'. आई त्या वाटीने रोज तांदूळ मोजायची. नाव तेवढं कायम राहिलं आमच्याकडे.

नर्सिंगला मी का गेले, हे इथे इंटरव्ह्यूत विचारलं तेव्हा काहीतरी सेवाभावाचं बोलले होते. खरं म्हणजे दर मंगळवारी दुसऱ्यांच्या आत्याच्या दारात उभी असते मी. परक्या देशात, परक्या भाषेत मला हे जमतं. माझ्याच गावात, माझ्याच भाषेत एका वाक्याने विचारायचं धाडस तीस वर्षांत झालं नाही. बाबाही गेले त्यानंतर.

ग्रुपवर मी यातलं काहीच लिहिलं नाही. एवढंच लिहिलं की तो व्हिडिओ काढून टाकायला सांगा आणि ते रजिस्टर ताब्यात घ्या, त्यातली माणसं आपल्या जिल्ह्यातली आहेत आणि काही अजून जिवंत असतील. त्यावर एक अंगठा आला, मग कुणीतरी गेट-टुगेदरच्या हॉलचं भाडं विचारलं.

रात्री दादाला फोन लावला. विचारलं, आत्याच्या अस्थींचं बाबांनी काय केलं? तो बराच वेळ गप्प होता. मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. मग म्हणाला, "मला वाटायचं तुला माहीत असेल." मी म्हटलं, डिसेंबरात येतेय, ठाण्याला जाऊन अर्ज देऊ, नातेवाईक म्हणून निदान कागद बघायला मिळतील. तो म्हणाला, "पंचवटीने जाऊ. सकाळी सातच्या आत स्टेशनवर यावं लागेल."