अनुदान किती हे छापतात, केव्हा हे कोण छापणार?

परदेशातून

मार्च आला, अधिसभेपुढे (सिनेटपुढे) अर्थसंकल्प आला, की राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या पैशांचा वाद दरवर्षी नव्याने पेटतो. एक बाजू म्हणते, सगळा भार शासनाने उचलावा. दुसरी म्हणते, विलायतेतली विद्यापीठं कशी स्वतःच्या पायावर उभी आहेत, तसं व्हा. दुसरं म्हणणं इंग्लंडात राहणाऱ्याला पटणं कठीण आहे.

इथल्या पदवीच्या विद्यार्थ्यांच्या वार्षिक फीची कमाल मर्यादा सरकार ठरवतं. २०१७ मध्ये ती ९,२५० पौंड झाली आणि २०२४-२५ पर्यंत तिथेच गोठली. २०२५-२६ ला ९,५३५ झाली. मधल्या काळात पगार, वीज, सगळंच महागलं. सरकारी संशोधन निधीही साधारणपणे प्रकल्पाच्या पूर्ण खर्चाच्या ८० टक्केच देतो. ही तूट आपल्यासारख्या परदेशी मुलांच्या चढ्या फीतून भरली जायची. जानेवारी २०२४ पासून बहुतेक मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना कुटुंब आणायला बंदी झाली, अर्ज घटले आणि कितीतरी विद्यापीठांत नोकरकपात सुरू झाली. हा नमुना नागपूरने घेऊ नये.

इथून घ्यावी ती तारखांची शिस्त. कर्ज घेऊन शिकणाऱ्या मुलाची फी स्टुडंट लोन्स कंपनी ही सरकारी कंपनी थेट विद्यापीठाला देते: ऑक्टोबरात २५ टक्के, फेब्रुवारीत २५, मे महिन्यात ५०. अट एवढीच, की मुलगा वर्गात आहे हे विद्यापीठाने कळवायचं. शिवाय विद्यापीठाचं आर्थिक वर्षच १ ऑगस्ट ते ३१ जुलै, म्हणजे शैक्षणिक वर्षाला धरून.

आता आपल्याकडचा शिष्यवृत्तीचा एक अर्ज बघा. मुलगी महाडीबीटी या राज्याच्या संकेतस्थळावर अर्ज भरते. तो आधी कॉलेजच्या लिपिकाच्या लॉगिनला, मग प्राचार्यांच्या, मग जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात आणि शेवटी कोषागारात. आधार बँकेशी जोडलेलं नसेल, जातीच्या दाखल्यावरचं नाव अर्जाशी जुळत नसेल, तर अर्ज मागे. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०. दोन्ही वाटे एकाच दिवशी येतील याची खात्री नाही. तोवर ३१ मार्च उलटतो, शिष्यवृत्तीतून मिळायची फी कॉलेजच्या ताळेबंदात ‘येणे’ म्हणून पडून राहते आणि प्रयोगशाळेचं बिल थांबतं. जुलै २०२४ मध्ये राज्याने ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. निर्णय फार चांगला. पण त्या फीची शासनाकडून कॉलेजला होणारी प्रतिपूर्ती लांबली, तर त्याचा भार कॉलेजवर पडतो.

वेतन अनुदानाची गोष्ट वेगळी. ते मंजूर आणि भरलेल्या पदांनाच मिळतं. प्राध्यापक निवृत्त झाला, पद भरायला परवानगी मिळाली नाही, की तेवढं अनुदान थांबतं. वर्ग मात्र थांबत नाहीत. मग तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाचे पैसे विद्यापीठाला आपल्या साधारण निधीतून द्यावे लागतात, आणि हा निधी मुख्यतः परीक्षा आणि संलग्नीकरण शुल्कावर चालतो. २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ झालं तेव्हा चंद्रपूर, गडचिरोलीची कॉलेजं गेली, त्यांच्यासोबत त्यांचं शुल्कही गेलं. परीक्षा भवनाचा पसारा त्या प्रमाणात कमी होत नसतो. रिक्त पदांमुळे शासनाची बचत होते असं म्हणणाऱ्यांनी हा हिशोब एकदा कागदावर मांडावा.

योजनेच्या पैशांत अडचण निराळी. रूसा आणि तिच्यानंतरची पीएम-उषा या उच्च शिक्षणाला पैसे देणाऱ्या केंद्राच्या योजना, दोन्हींत केंद्र-राज्य वाटा ६०:४०. पुढचा हप्ता हवा तर आधीचा हप्ता खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र लागतं, आणि पुरवठादाराला दिलेला अग्रिम हा काही खर्च नव्हे. हप्ता फेब्रुवारीत आला तर निविदा, तुलनात्मक तक्ता, खरेदी समिती, हे सगळं मार्चअखेर कसं उरकायचं? घाईत यंत्र येतं. एचपीएलसी, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र, घेतलं समजा: कॉलम झिजतात, ॲसिटोनायट्राइल महाग, यूपीएस नसेल तर उन्हाळ्यातला एक झटका पंप बिघडवायला पुरे. अनुदानात यंत्राची किंमत असते. तंत्रज्ञाचा पगार आणि वॉरंटीनंतरचा देखभाल करार बहुधा नसतो. वर्षभरात त्यावर कापड पडतं.

प्राध्यापकांना सातवा वेतन आयोग लागू झाला तेव्हाही प्रश्न पैसे केव्हा येणार हाच होता. जानेवारी २०१६ ते मार्च २०१९ या ३९ महिन्यांच्या वाढीव खर्चाचा निम्मा भार केंद्राने उचलायचा होता, पण आधी राज्याने खर्च करून मग मागायचा, अशी रीत.

म्हणून अधिसभेतल्या सदस्यांना एक विनंती. पुढच्या अर्थसंकल्पात प्रत्येक अनुदानापुढे तीन रकाने मागून घ्या: मंजुरीची तारीख, खात्यात जमा झाल्याची तारीख आणि मधल्या काळात कुठल्या निधीतून उसनवारी केली. डिसेंबरात पुरवणी मागण्या घेऊन सरकार हिवाळी अधिवेशनाला नागपुरातच येतं. तो तक्ता तेव्हा विदर्भातल्या प्रत्येक आमदाराच्या हातात असू द्या.