दहावी झाली? मग द्या चावी

पोरगं दहावी पास झालं, पेढे वाटून झाले, मार्कलिस्टचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकून झाला, आता पुढची पायरी म्हणजे गाडीची चावी. उगाच वय, कायदा वगैरे काढत बसू नका. कायद्यात अठरा लिहिलंय ते बरोबरच आहे, पण तो कायदा 1988 चा, तेव्हा लिहिणाऱ्यांना काय माहिती की तुमच्या पोराचा सकाळी सहाला फिजिक्सचा क्लास असणार, साडेसातला केमिस्ट्रीचा असणार, आणि दोन्ही क्लास गावाच्या दोन टोकांना असणार. सायकल? सायकलनं पोरगं दमतं, आणि क्लासबाहेर सायकल लावली तर मित्र काय म्हणतील, जरा विचार करा.

सुरुवात स्कूटरपासून करा. सोळाव्या वर्षी बिनगिअरच्या गाडीचं लायसन मिळतं असं तुमच्या मेहुण्यानं सांगितलेलं असेलच. ते खरं आहे. फक्त त्याच वाक्यात पुढे 50 सीसीपर्यंतचीच गाडी असंही आहे, आणि तुम्ही जी बुक करून आलात ती 110 ची नाहीतर 125 ची आहे. 50 सीसीची नवी स्कूटर शोरूममध्ये मागून बघा, सेल्समन कंदील मागितल्यासारखा तुमच्याकडे बघेल. त्यामुळे वाक्याचा पहिला अर्धा भाग लक्षात ठेवायचा आणि दुसरा सोडून द्यायचा, आपल्याकडे कायदा असाच वाचतात. बॅटरीवाली घेत असाल तर आणखी सोपं, "इलेक्ट्रिकला काही लागत नाही हो" एवढं पाठ करा. ज्यांना खरंच लायसन लागत नाही त्या 250 वॅटच्या आतल्या आणि ताशी 25 किमीच्या वर न जाणाऱ्या गाड्या, तुमची साठ-सत्तरनं पळते, पण दोन्हींचा आवाज येत नाही ना? मग झालं तर.

हेल्मेट मात्र घेऊन द्या हां, बाप म्हणून ते कर्तव्य आहे. रस्त्याच्या कडेला दोरीवर लटकवलेली मिळतात ती, आयएसआयचा स्टिकर त्यांच्यावरही असतो, स्टिकरच तो, तीन रुपयांना छापून मिळतो. आणि पोराला शिकवून ठेवा की हेल्मेट डाव्या कोपरात अडकवायचं, चौक आला की डोक्यावर ठेवायचं, चौक गेला की परत कोपरात. हनुवटीखालचा पट्टा लावायचा नाही, त्यानं जेल लावलेले केस बसतात. पट्टा न लावलेलं हेल्मेट धडकेच्या वेळी माणसाच्या आधी उडून पडतं, म्हणजे निदान हेल्मेट तरी वाचतं, पुढच्या पोराला वापरता येतं.

आता चारचाकी. ड्रायव्हिंग स्कूलला घालायचं का? माझं मत नको. नियमात कमीत कमी 21 दिवस आणि प्रत्यक्ष 10 तास स्टिअरिंगवर असं लिहून ठेवलंय, एवढा वेळ कुठल्या पोराकडे आहे? प्रत्यक्षात काही ठिकाणी एका गाडीत चार जण बसवतात, एक चालवतो, तिघं मागे रील बघतात, आणि क्लच-ब्रेक मास्तरच्या पायाखाली पण असतात, त्यामुळे पोराला वाटतं आपण चालवतोय आणि मास्तरला माहिती असतं कोण चालवतंय. त्यापेक्षा घरी मामा आहे. मामा रविवारी सकाळी ग्राउंडवर नेतो, "हाफ क्लचवर ठेव, हाफ क्लचवर ठेव" असं ओरडतो, हॉर्न कसा द्यायचा ते शिकवतो, आणि पोरगं चुकून आरशाकडे बघायला लागलं तर "मागं काय बघतोस, पुढं बघ" म्हणून टपली मारतो. ही टपली फार महत्त्वाची. त्यानंतर पोरगं आयुष्यात आरसा बघत नाही, भांग पाडायचा असेल तेवढाच बघतं.

मामाचा दुसरा धडा सोसायटीच्या बेसमेंटच्या चढावर. गाडी चढावर थांबवायची, हँडब्रेक लावायचा नाही (हँडब्रेक लावून सोडणं हे नवशिक्यांचं काम), क्लच अर्धा दाबून अॅक्सिलरेटरवरच गाडी लोंबकळत ठेवायची. इंजिन ओरडतं, गाडी वीतभर मागं वीतभर पुढं करते, वॉचमन बाजूला होतो, आणि मग तो जळका वास येतो. पोरगं विचारतं, मामा वास कसला? मामा काच वर करतो आणि म्हणतो, बाहेरून कोणीतरी कचरा पेटवलाय. कचरा वगैरे काही नाही, तुमची क्लच प्लेट आहे ती, पण बिल यायला अजून दोन महिने आहेत.

गाडीबद्दल थोडं नॉलेज पण द्या म्हणतात काही लोक. अहो कशाला? बॉनेट उघडायची दांडी कुठे आहे हे तुम्हाला तरी माहिती आहे का, खरं सांगा. डॅशबोर्डवर दिवे लागतात ते डेकोरेशन समजायचं. पिवळा लागला म्हणजे लवकर दाखवून घे आणि लाल लागला म्हणजे आत्ताच्या आत्ता बाजूला घे, एवढं साधं असतं म्हणे ते, पण तुमच्या पोराला सांगा की तेलाच्या किटलीचा लाल दिवा लागला तरी घर येईपर्यंत चालवायची, इंजिन ऑइलशिवाय किती किलोमीटर जातं हेही एकदा कळलं पाहिजे. डिपस्टिक ओढून, पुसून, परत घालून, परत ओढून तेल बघायला अर्धा मिनिट लागतो, त्या अर्ध्या मिनिटात दोन रील होतात. आणि उन्हाळ्यात कधी टेम्परेचरचा काटा वर गेलाच तर पाणी ओतायला रेडिएटरचं टोपण लगेच, गरम असतानाच उघडायचं. आत कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, प्रेशरखाली असतं, शंभर डिग्रीच्याही वर तापलेलं असतं, टोपण फिरवलं की ते कसं उडतं हे पाठ्यपुस्तकात वाचण्यापेक्षा तोंडावर घेतलेलं जास्त लक्षात राहतं.

टायरची हवा किती? हा प्रश्न पंपावरचा पोरगा विचारतो तेव्हा छाती पुढे काढून "तीस-तीस मार" म्हणायचं. ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवर कंपनीनं स्टिकर लावलेला असतो, दोन माणसं असतील तर एवढी, गाडी भरलेली असेल तर एवढी असं सगळं लिहिलेलं असतं, तो स्टिकर वाचणं म्हणजे पुरुषासारख्या पुरुषानं पत्ता विचारण्यासारखं आहे. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, म्हणजे 1419 असेल तर टायर 2019 च्या चौदाव्या आठवड्यातला. हे पोराला चुकूनही सांगू नका, ते तुमच्या गाडीचे आकडे वाचेल आणि मग नवे चार टायर घ्यावे लागतील. नक्षी दीड-एक मिलिमीटरवर आली असेल तर पावसात टायरखालून पाणी बाहेर जात नाही, गाडी पाण्यावर तरंगते, ब्रेक दाबा नाहीतर भजन म्हणा. पण पावसाळा चारच महिने असतो ना.

स्टेपनी बदलायलाही शिकवू नका. एकदा शिकलं की संपलं, मग रात्री अकरा वाजता हायवेवरून "बाबा, पंक्चर झालीये" असा फोन येणार नाही आणि तुमची घरात किंमत काय उरेल? तरी कोणाला शिकवायचंच असेल तर तुम्ही आजवर केलं तसंच शिकवा, म्हणजे आधी जॅकवर गाडी उचलायची आणि मग हवेत गरगर फिरणाऱ्या चाकाचे नट ढिले करायला पान्यावर उभं राहून नाचायचं. चाक जमिनीवर असताना नट अर्धा फेरा सैल करून मग उचलायची आणि बसवताना समोरासमोरचे नट आळीपाळीनं आवळायचे, हे मेकॅनिकचं डोकं, आपलं नव्हे. आणि हो, स्टेपनीत हवा आहे का ते वर्षानुवर्षं बघायचं नाही, सरप्राइज राहिलं पाहिजे.

घाटाबद्दल मात्र मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण इथे खानदानी ज्ञान पुढच्या पिढीला द्यायची वेळ येते. खंबाटकी असो, ताम्हिणी असो, उतार लागला की न्यूट्रल मारायचा. "पेट्रोल वाचतं." आजोबा लॅम्ब्रेटावर मारायचे, तुम्ही मारता, पोरानंही मारला पाहिजे. आताच्या इंजेक्शनवाल्या गाड्यांत उलटं आहे, गाडी गिअरमध्ये असेल आणि अॅक्सिलरेटरवरून पाय काढला तर उतारावर इंजिनाला पेट्रोल जाणंच बंद होतं, चाकं इंजिनाला फिरवतात, आणि न्यूट्रल मारला की बिचाऱ्या इंजिनाला स्वतःला चालू ठेवायला पेट्रोल जाळावं लागतं. म्हणजे तुम्ही वीस वर्षं पेट्रोल वाचवायला पेट्रोल जाळताय. पण हे कोण ऐकणार? शिवाय न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर, ब्रेक तापतात, तापले की पकड सोडतात, पेडल दाबलं तरी गाडी आपल्याच नादात. काही थोर लोक तर इंजिनच बंद करतात, मग ब्रेकचा बूस्टर, म्हणजे पायाच्या दाबाला जोर देणारा भाग, दोन-तीन दाबांत संपतो, स्टिअरिंग दगडासारखं होतं, आणि चावी काढलीच तर लॉकही होतं. ज्या गिअरमध्ये घाट चढला त्याच गिअरमध्ये उतर, असं जुने ट्रक ड्रायव्हर सांगायचे. त्यांना ट्रक घरी न्यायचा असायचा ना, तुम्हाला काय.

सीटबेल्ट फक्त पुढच्यांनी आणि फक्त टोलनाक्यापर्यंत. मागे बसणाऱ्याला बेल्ट लागतच नाही, तो सोफा आहे. सप्टेंबर 2022 मध्ये पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले, महागडी गाडी होती, एअरबॅगा होत्या, मागे बसले होते आणि पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे बेल्ट लावलेला नव्हता, त्यानंतर आपण सगळ्यांनी पंधरा दिवस मागे बेल्ट लावले आणि मग परत शेंगदाणे खायला अडचण व्हायला लागली. गाडी टीं टीं करून डोकं खात असेल तर नुसती क्लिप मिळते खाचेत अडकवायला. 2023 मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पाच ऑनलाइन कंपन्यांना ती विकायला मनाई केली, पण अॅक्सेसरीच्या दुकानात विचारून बघा, ड्रॉवरमधून काढून देतील.

लायसन काढताना पोराला त्रास देऊ नका. लर्निंगची परीक्षा हल्ली घरबसल्या, पोरानं कॅमेऱ्यासमोर बसायचं आणि बाबांनी लॅपटॉपच्या मागे उभं राहून बोटं दाखवायची, एक बोट म्हणजे पहिला पर्याय, दोन म्हणजे दुसरा. गंमत अशी की बाबांनाही त्रिकोणी पाटी आणि गोल पाटी यातला फरक माहिती नसतो (गोल म्हणजे हुकूम, त्रिकोणी म्हणजे पुढे धोका), पण 60 टक्के बरोबर आले की पास, आणि उरलेले 40 टक्के नियम समोरून येणारा माणूस सांभाळून घेतो. पक्क्या लायसनला एजंट आहेच.

आणि समजा अठराच्या आत पकडलंच? तर "कोणाचा मुलगा आहे माहितीये का" हे वाक्य त्याला पाठ असू द्या. 2019 पासून कायद्यात 199अ नावाचं कलम आलंय, अल्पवयीन पोरानं गाडी घेऊन गुन्हा केला तर पालक आणि मालक दोषी धरायचे, तीन वर्षांपर्यंत कैद, 25 हजार दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन 12 महिने रद्द आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन नाही. वाचायला भीतीदायक वाटतं पण तुमची ओळख आहे ना वरपर्यंत. 19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शनं दोन तरुण इंजिनिअरांना उडवलं, तेव्हा बाल न्याय मंडळानं जामीन देताना अपघातावर 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगितला होता, म्हणून आधीच निबंधाची तयारी करून घ्या असा सल्ला मी देणार होतो. पण पुढे ओळखी, डॉक्टर, बदललेले रक्ताचे नमुने असे सगळे आरोप निघाले आणि मुलाचे वडील, आजोबा, आई तिघांनाही वेगवेगळ्या आरोपांखाली अटक झाली. म्हणजे निबंध एकट्याचा आणि बाकीचा अभ्यास सगळ्या घराचा. ते दोघं चोवीस वर्षांचे होते, त्यांच्या घरी कोणी निबंध मागितला नाही.

इन्शुरन्स आहे की, असं म्हणणाऱ्यांसाठी: चालवणाऱ्याकडे लायसनच नसेल तर कंपनी समोरच्याला पैसे देते आणि मग तेच पैसे तुमच्याकडून वसूल करते. तुमच्या गाडीचं तर एक रुपयाही मिळत नाही. असो, प्लॉट विकायचाच होता ना.

खरं सांगायचं तर एवढं सगळं शिकवायची गरजच नाही, ट्रेनिंग कधीच सुरू झालंय. चार वर्षांचं असताना तुम्ही त्याला मांडीवर घेऊन स्टिअरिंग धरायला दिलंत, एअरबॅगच्या बरोब्बर समोर. स्कूटरच्या पुढे उभं करून राँग साइडनं शॉर्टकट मारलात आणि "पोलीस दिसले की सांग" अशी ड्युटी दिलीत. सिग्नलवर दोनशेची नोट कशी घडी घालायची ते त्यानं तुमच्या मागून वाकून बघितलंय. फोन मांडीवर ठेवून व्हॉइस मेसेज कसा करायचा, पिवळा दिवा लागल्यावर वेग कमी करायचा की वाढवायचा, सगळं झालंय पाठ.

एकच धोका आहे. जानेवारीत रस्ता सुरक्षा महिना असतो, शाळेत आरटीओचे साहेब येतात, पोरांना शपथ देतात, आणि तुमचं पोरगं घरी येऊन मागच्या सीटवरून "बाबा बेल्ट", "बाबा फोन ठेवा", "बाबा हा वन वे आहे" असं सुरू करतं. घाबरू नका. मोठ्यांच्या मध्ये बोलू नये असं एकदा खेकसून सांगायचं आणि गाणी मोठ्यानं लावायची. फेब्रुवारी लागला की उतरतं.