फाटकावर उरलेलं नाव

आमचे बाबा शेवटपर्यंत पणजीच्या मिरामार किनाऱ्याला मिरामार म्हणाले नाहीत. बसमध्ये चढले की सांगायचे, "गास्पार दियस." जुना कंडक्टर मुकाट्याने तिकीट फाडायचा. नवा पोरगा असला तर विचारायचा, "तें खंय?" मग बाबा म्हणायचे, "टेनिस क्लबाकडेन." लगेच कळायचं.

परवा मित्रांमध्ये त्याच क्लबाचा विषय निघाला. 'क्लब तेनिस द गास्पार दियस', पोर्तुगीज काळापासूनचा, सभासदांचा क्लब. एकजण म्हणाला, "खासगी वास्तू आहे, ते राखतील नाहीतर पाडतील, आपल्याला काय?" पाडण्याची बातमी वगैरे काही नाही, पण ते 'आपल्याला काय' मला फार लागलं.

गास्पार दियस हा तिथला जुना जमीनदार. त्याच्या नावाचा किल्ला मांडवीच्या मुखाशी, पलीकडच्या रेइश मागुश किल्ल्याच्या समोर उभा होता. 1835 साली बेर्नार्दो पेरिस द सिल्वा, आपल्या गोव्यातल्या नेवरा गावचा माणूस, गोव्याच्या कारभाराचा प्रमुख झाला. पोर्तुगीज अमदानीत त्या खुर्चीवर बसलेला पहिला गोंयकार. लष्करातल्या गोऱ्यांना ते सोसलं नाही. थोड्याच दिवसांत त्याला हुसकावलं आणि मे महिन्यात या किल्ल्यातल्या त्याच्या बाजूच्या सैनिकांची कत्तल करून किल्ला जाळला. आज संध्याकाळी आपण त्याच परिसरात भेळ खातो, पोरांना वाळूत सोडतो. किती जणांना हे ठाऊक आहे?

किल्ला गेला. जागेचं नावही मिरामारने गिळलं. माझ्या मुलांच्या पिढीपुरतं ते उरलंय ते क्लबाच्या नावात. शाळेने, सरकारने, पालिकेने जे जपलं नाही ते टेनिस खेळणाऱ्यांनी नकळत जपलं. म्हणून ती वास्तू मला परकी वाटत नाही, आत पाऊल टाकायला सभासदत्व लागत असलं तरी.

सभासदांना हात जोडून सांगणं आहे: डागडुजी कराल तेव्हा जुन्या कामाचा जाणकार बोलवा. खाऱ्या वाऱ्यात चुन्याची भिंत श्वास घेते. वरून सिमेंट थापलं की ओल आत कोंडते आणि दोन पावसाळ्यांत पोपडे सुटतात. पणजीतल्या किती जुन्या घरांची अशी वाट लागलेली मी पाहिलीय. आणि वर्षातून एक दिवस सरकारी शाळेतल्या मुलांना कोर्टावर खेळू द्या.

फाटकाबाहेर एक पाटीही लावा, मराठीत आणि कोंकणीत, या नावामागची गोष्ट सांगणारी. मजकूर मी लिहून देतो. रंगाचा खर्चही माझा.