“ॲस्टेरिस्क आपल्या पोरांचं काम नाही” म्हणणाऱ्या मेसेजला माझं उत्तर

गेले चार-पाच दिवस एक मेसेज फिरतोय, मला तीन ग्रुपवरनं आला. म्हणणं असं की ॲस्टेरिस्कसारख्या, म्हणजे फोन सिस्टीम चालवणाऱ्या आणि कोड सगळ्यांना खुला असणाऱ्या, ओपन सोर्स प्रोजेक्टात सांगली-मिरजेच्या पोरांनी वेळ घालवू नये. कारणं चार दिलीत: सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा पक्की नसेल तर तिथं कोणी विचारत नाही, इश्यू (सॉफ्टवेअरमधल्या बगची, म्हणजे चुकीची, तक्रार) टाकला की “तुमच्या सेटिंगचा घोळ” म्हणून बंद करतात, तुम्ही फुकट राबता आणि कंपनी विकते, आणि मराठीला तिथं जागा नाही. मी मार्केट यार्डातल्या आडत दुकानांत, दवाखान्यांत पीबीएक्स, म्हणजे दुकानातल्या सगळ्या फोनचं छोटं एक्सचेंज, बसवतो, रोजची भाकरी याच सॉफ्टवेअरवर आहे, म्हणून हे वाचून गप्प बसवेना.

सी चं आधी. कोअरमधे, म्हणजे मूळ कोडमधे, हात घालायचा तर सी लागतं, खरंय. पण डॉक्युमेंटेशन मार्कडाउनमधे, म्हणजे साध्या मजकुराच्या फायलींत आहे, गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर आहे, तिथं चुकलेली ओळ सुधारायला सी लागत नाही, आणि टेस्ट करून नीट रिपोर्ट देणारा माणूस तर कायमच हवा असतो. आणि हे सुरू कुणी केलं ते पण बघा, 1999 मधे मार्क स्पेन्सर नावाच्या कॉलेजच्या पोरानं, कारण त्याच्या छोट्या कंपनीला विकतची फोन सिस्टीम परवडत नव्हती.

आता इश्यू बंद करतात हा मुद्दा, यावर जरा सविस्तर बोलतो कारण पोरं इथंच खचतात. एका हळदीच्या आडत्याकडं नवीन सिस्टीम बसवली, बाहेरनं फोन आला की आवाज दोन्हीकडनं एकदम स्वच्छ, आणि सौदा रंगात आला की कॉल कट. घड्याळ लावून बघितलं तर दर वेळी 32 सेकंद. मला वाटलं सॉफ्टवेअरचाच बग, रिपोर्ट लिहायला बसलो, पण तिथं लॉग, म्हणजे सिस्टीमच्या नोंदी, मागतात म्हणून पीजेसिपचा (ॲस्टेरिस्कच्या कॉल जोडणाऱ्या भागाचा) लॉगर चालू केला आणि एकेक मेसेज वाचत गेलो. आपला सर्व्हर कॉल उचलून “200 ओके” पाठवतोय, त्याला पलीकडनं “ॲक”, म्हणजे पोचपावती, यायला पाहिजे, ते येतच नाही, म्हणून तो तेच उत्तर परत परत पाठवतोय. एसआयपीच्या (इंटरनेटवर कॉल जोडायच्या पद्धतीच्या) नियमात, म्हणजे 2002 च्या आरएफसी 3261 मधे, मूळ टायमर अर्ध्या सेकंदाचा आहे आणि त्याच्या 64 पट वाट बघायची, झाले की 32 सेकंद! ॲक का येईना? तर आपण मेसेजच्या कॉन्टॅक्ट हेडरमधे, म्हणजे “पुढचं इथं पाठवा” या ओळीत, दुकानाच्या राउटरमागचा 192.168 वाला पत्ता देत होतो, त्या पत्त्यावर बाहेरचा माणूस पोचणार कसा. पीजेसिपच्या ट्रान्सपोर्ट सेटिंगमधे बाहेरचा पत्ता आणि लोकल नेट (आतल्या नेटवर्कचे पत्ते) भरलं, कॉल तुटायचा थांबला. आता हा इश्यू मी टाकला असता आणि त्यांनी बंद केला असता तर तो माझा अपमान होता का? नाही. सेटिंगचे प्रश्न विचारायला फोरम आहे, इश्यू खऱ्या बगसाठी, आणि खरा बग असेल तर व्हर्जन, कॉन्फिग, डिबग लॉग, क्रॅश असेल तर बॅकट्रेस (कोड कुठं कोसळला त्याची यादी) एवढं दिलं की समोरच्याला काम करता येतं. फक्त लॉग टाकताना त्यातले पासवर्ड आणि गिऱ्हाईकांचे नंबर काढून टाका पोरांनो, आणि सुरक्षेचं भोक सापडलं तर ते उघड्यावर न टाकता खाजगीत कळवा.

कंपनीचा मुद्दा अर्धा खरा आहे आणि तो लपवायचं कारण नाही. प्रोजेक्ट आधी डिजियम या कंपनीकडं होता, 2018 मधे डिजियम सॅंगोमानं घेतली. कोड द्यायचा तर करारावर सही करावी लागते आणि त्यानं कंपनीला तोच कोड वेगळ्या लायसन्सखाली द्यायचा हक्क मिळतो. पटत नसेल तर सही करू नका. पण जीपीएल 2 या खुल्या लायसन्सखाली तो कोड आपल्यालाही मिळतोच, आणि मी तर लायसन्सचा एक रुपया न भरता त्याच्यावर धंदा करतोय, मग राबवून घेतलं कोणी कुणाला?

मराठीचं मात्र ऐकून वाईट वाटलं. सिस्टीमला फोनवर इंग्रजीत 45 बोलायला “फोर्टी” आणि “फाइव्ह” या दोन रेकॉर्ड केलेल्या फायली जोडल्या की झालं. आपल्याकडं पंचेचाळीस हा अख्खा शब्दच वेगळा, म्हणजे 0 ते 99 साठी शंभर फायली वेगळ्या रेकॉर्ड कराव्या लागतात. शिवाय 100 ला शंभर पण 101 ला एकशे एक, पुढं हजार झाल्यावर लाख आणि कोटी, त्यांच्यासारखं मिलियन नाही. हे अमेरिकेत बसलेल्या माणसाला कसं सुचणार? आम्ही घरातच रेकॉर्डिंग केलं, वहिनींच्या आवाजात, 8000 हर्ट्झ, मोनो. फोनवर ऐकलं तर पासष्ट आणि सहासष्ट सारखेच वाटायला लागले, कारण साध्या फोन लाइनवर 3400 हर्ट्झच्या वरचा आवाज जवळजवळ जातच नाही आणि “स”ची धार तिथंच असते. मग वहिनींनी “पा” आणि “सहा” वर जोर देऊन परत म्हटलं, सातव्यांदा जमलं.

फायली झाल्यात, आकडे जोडायचा नियम ॲस्टेरिस्कच्या से डॉट सी या कोडच्या फायलीत भाषेगणिक वेगळ्या फंक्शनात लिहितात, आमचं शंभर-एकशे तिथंच अडकलंय. सी येणारं कोणी विश्रामबाग भागात असेल तर रविवारी या, लॅपटॉप आणि हेडफोन घेऊन.