दोन फुटके कंस

सकाळी ऑफिस उघडायच्या आत मामांचा फोन, खानापूरहून. "अरे, मी जन्मात कर्ज काढलो नाही, आणि तुझ्या पतसंस्थेचा मेसेज, थकबाकी भरा म्हणून?"

काल साहेब म्हणाले होते, "खानापूर आणि निपाणीचे थकलेले काढ." ह्यांचं हे 'आणि' म्हणजे कॉम्प्युटरचं 'ऑर', 'किंवा', हे ह्यांना कोण सांगणार! खरंच 'अँड' लिहिलं तर ते खुळं एकाच वेळी दोन्ही तालुक्यांत राहणारा माणूस शोधतं. म्हणून क्वेरी, म्हणजे मशीनला विचारायचा प्रश्न, लिहिली: तालुका खानापूर ऑर तालुका निपाणी अँड थकबाकी शून्याहून जास्त. मोठ्यानं वाचा. कुणीही शहाणा काय समजेल? मशीन मात्र अँड आधी धरतं, ऑर मागनं, शाळेतल्या गुणाकार-बेरजेसारखं. म्हणजे निपाणीचे फक्त थकलेले, आणि खानापूर अख्खं! ठेवीदार, पेन्शनर, नंदगडचे गुरुजी, वारलेले सुद्धा. ऑरवाल्या जोडीभोवती घालायचे राहिले ते दोन कंस हो. दोन फुटके कंस.

क्वेरी कुणी लिहिली? मीच. गेल्या महिन्यात नव्या पोराला ह्याच कंसावरून अर्धा तास झापलेला तो पण मीच.

पण डेटा तरी धड असावा की! १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं बेळगावी झालं, आमच्या रकान्यात ते अजून चार नावांनी नांदतंय: इंग्रजी स्पेलिंगं दोन, एक मराठी, एक कानडी. ऑर लावा, परत ऑर लावा, तरी कुणीतरी नावाच्या पुढं स्पेस मारून ठेवलेली असतेच. निपाणी चिकोडीतून फुटून वेगळा तालुका झाला, जुनी खाती अजून चिकोडीतच ठाण मांडून. आणि ऐन वेळी करंट जातो तो वेगळाच.

दुपारी हुकूम आला. चुकून ज्यांना गेला, त्यांनाच माफीचा मेसेज. सोपं आहे म्हटलं. तालुका खानापूर अँड सभासद क्रमांक नॉट इन थकबाकीची यादी. उत्तर शून्य. मामा सुद्धा नाहीत! तासभर डोकं आपटल्यावर सापडलं, थकबाकीच्या यादीत एका ओळीला क्रमांकच नाही. नल. त्या एका रिकाम्या खणापायी, तिथं कुणाचाही क्रमांक असू शकतो म्हणून, नॉट इन यादीत नसलेल्या प्रत्येकाबद्दल 'सांगता येत नाही' म्हणून हात वर करतं.

तोवर साहेब मागं येऊन उभे. स्क्रीनवरचं शून्य बघितलं आणि खुलले. "म्हणजे चुकून कुणालाच गेला नाही की! उगीच घाबरवलास." वर चहा सांगितला.